तामलवाडी ते मानसरोवर, मार्गे नळदुर्ग चौक

आमच्या भागातली निम्मी माणसं एक जूनला जन्मली आहेत. थट्टा नाही, हवं तर पासपोर्ट काढून बघा. पूर्वी शाळा जूनमध्ये उघडायच्या. गुरुजी दारोदार हिंडून पोरं गोळा करायचे आणि आईला विचारायचे, "हे कधीचं?" आई सांगायची, "ज्वारी काढायच्या टायमाचं." ज्वारी काढायचा टाइम रजिस्टरात लिहिता येत नाही. गुरुजी लिहायचे एक जून आणि पुढच्या घराकडे वळायचे.

हे मला कळायचं कारण म्हणजे माझा धंदा. नळदुर्गला हायवेलगतच्या एका गाळ्यात माझी यात्रा कंपनी आहे. कंपनी म्हणजे मी, एक टेबल, एक बाकडं आणि ज्याची शाई कायम संपलेली असते असा प्रिंटर. माझं नाव रज्जाक, पण गिऱ्हाईक भाई म्हणतं. मक्केला उमऱ्याला जाणारे आणि चारधामला जाणारे त्या एकाच बाकड्यावर बसतात आणि दोघंही मला एकच प्रश्न विचारतात, "भाई, तिथं जेवायला आपलं मिळंल का?" आमची बेगम म्हणते, "लोगाँ को खुदा के घर भेजते, देवाँ के घर भेजते, और खुद बाजार जाने कू होता नै."

उमरा सोपा, चारधाम सोपा, काशी तर आमच्या लोकांना सोलापूरसारखी. एकच जागा माझ्या धंद्यात अशी आहे की तिचं नाव काढलं तरी माझी कंबर दुखायला लागते. कैलास मानसरोवर. देव आपला, पण पत्ता तिबेटचा, आणि तिबेट चीनच्या ताब्यात. तिथं तुम्ही एकटे जाऊ शकत नाही. टोळी करून जायचं, टोळीचा परवाना एकाच कागदावर निघतो, त्या कागदावर सगळ्यांची नावं ओळीनं, आणि सरहद्दीवर त्याच ओळीनं उभं राहायचं. एकत्र आत, एकत्र बाहेर. मध्येच कुणी "मी जरा मेव्हण्याकडं जाऊन येतो" म्हणायची सोय नाही. बरोबर त्यांचा गाइड असतो, तो सांगेल तिथंच थांबायचं. फौजी चालत नाही, पोलीस चालत नाही, पत्रकार तर बिलकुल चालत नाही. सत्तरी ओलांडलेला माणूस चालत नाही. तळ्यात आंघोळ करता येत नाही. बॅगेत कुठला फोटो आहे, कुठलं पुस्तक आहे, तेही ते उघडून बघतात. इतकं कशाला, असं गिऱ्हाईक मला विचारतं. मला काय ठाऊक? मी त्यांचं सरकार चालवत नाही.

पहिल्यांदा टोळीचे पासपोर्ट काठमांडूला पाठवले तेव्हा तिथल्या माझ्या एजंटाचा, तमांगचा, फोन आला. परवान्याची सगळी कामं तोच करतो. तो म्हणाला, "भाई, ये सब जुडवाँ हैं क्या?" एक जूनचा उलगडा त्याला करून देता देता माझी जीभ वाळली. शेवटी तो म्हणाला, ऑफिसवाले विचारतील तर मी सांगेन की महाराष्ट्रात हा सण आहे. सोनारीच्या एका गृहस्थांनी तर प्रत्येक कागदावर सही करण्याआधी आठ-आठ दिवस घेतले, कारण त्यांना गावच्या काळभैरवनाथाला विचारायचं असायचं. देवानं प्रत्येक वेळी होकार दिला. मग पासपोर्टवाल्यांनी फोटोत कान दिसत नाहीत म्हणून अर्ज परत पाठवला.

पण मला सांगायचंय ते छबूबाईंचं.

तामलवाडीच्या छबूबाई एका बाजारच्या दिवशी माझ्या गाळ्यात आल्या, पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "भाई, लई लांब कुठं जाता येतं?"

मी विचारलं, "म्हणजे कुठं जायचंय तुम्हाला?"

"जिथं आमचे हे गेलेले न्हाईत तिथं."

त्यांचे हे म्हणजे तात्या. गावच्या भजनी मंडळाचे टाळकरी. तात्यांनी चारधाम केले, काशी केली, रामेश्वर केलं, गिरनार चढून आले. मंडळाची गाडी निघाली की तात्या पिशवी घेऊन पुढच्या सीटवर. घरी दोन म्हशी. "म्हशी कुनी बघितल्या?" छबूबाईंनी मला विचारलं, जणू मीच पळून गेलो होतो. "म्या बघितल्या. हे तिकडनं गंगेचं पानी आनायचे आन मला म्हनायचे, घे, तुला बी पुण्य. तांब्याभर पुण्य! म्या म्हनलं असूंद्या. पोरांची लग्नं झाली, सुना आल्या, आता म्या जाणार."

मी भिंतीवरचा नकाशा दाखवला. केदारनाथ? तात्या जाऊन आलेले. द्वारका? जाऊन आलेले. पशुपतिनाथ? तेही. माझं बोट वर सरकत सरकत हिमालयाच्या पलीकडं गेलं.

"हितं?" त्यांनी विचारलं.

"इथं नाही गेलेले तात्या. आणि आता जाऊही शकणार नाहीत. सत्तरीच्या पुढच्याला सोडत नाहीत."

छबूबाईंच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, तसं मी उमऱ्याहून परतलेल्या माणसांच्या चेहऱ्यावरही क्वचितच बघितलंय. "लिहा माझं नाव," त्या म्हणाल्या.

आता गंमत बघा. छबूबाईंचा जन्म त्यांच्या आईच्या सांगण्याप्रमाणं सुगीतला. पण त्या काळी गुरुजींना शाळेचा पट भरायचा होता, म्हणून त्यांनी लहानग्या छबूचं वय थोडं वाढवून लिहिलं, आणि तारीख अर्थातच एक जून. बाई शाळेत दोन इयत्ता शिकल्या, मग म्हशींमागं गेल्या, पण ते वाढवलेलं वय आधार कार्डापर्यंत त्यांच्या मागं आलं. कागदावर त्यांना येत्या एक जूनला सत्तर पुरी होणार होती. यात्रा सुरू होते मे महिन्यात. म्हणजे मेच्या टोळीत गेल्या तर गेल्या, नाही तर जन्मात नाही. हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्या गुरुजीला पाटीभर शेंगा दिल्त्या आमच्या बापानं. त्याचं हे फळ व्हय?"

चार दिवसांनी तात्या आले. बाकड्याच्या टोकावर बसले, टोपी काढली, पुन्हा घातली. मग हळूच म्हणाले, "भाई, जमत न्हाय म्हनून सांगा की तिला."

"का हो तात्या?"

"तिकडं हवा पातळ हाय म्हनत्यात."

"डॉक्टरनं तपासलंय त्यांना. छाती ठणठणीत आहे."

"मग म्हशींचं काय?"

"ते तुम्ही."

तात्यांनी बाहेर हायवेकडं पाहिलं. ट्रक जात होते. "मला चहा बी करता येत न्हाय," ते म्हणाले, आणि त्या आवाजात इतकी खरी भीती होती की मला हसू आवरेना. मी त्यांना माझ्याकडचा चहा पाजला आणि परत पाठवलं.

त्याच टोळीत बंकटराव होते. बंकटरावांची ओळख करून द्यायची तर त्यांची मोटारसायकल आधी यायला हवी. तिच्या पुढं प्रेस, मागं प्रेस, आणि आरशावर छोटं प्रेस. 'बोरीकाठचा दणका' या साप्ताहिकाचे ते संस्थापक, संपादक, प्रकाशक आणि बातमीदार. साप्ताहिक पंधरा ऑगस्टला, सव्वीस जानेवारीला आणि दिवाळीला निघतं. पोटापाण्याला बोरी नदीच्या काठी सोयाबीनचं रान आहे. बाहेरच्यांना हसू येईल, पण आमच्याकडं प्रत्येक तालुक्यात असे दहा-पाच संपादक असतातच, आणि पोलीस ठाण्यात पटकन खुर्ची मिळवायची तर त्यांनाच बरोबर न्यावं लागतं.

बंकटराव नाव द्यायला आले तेव्हाच मी म्हणालो होतो, "तिथं पत्रकार चालत नाही. तुमचं रान आहे. शेतकरी म्हणून जाणार असाल तर बघू." बंकटराव म्हणाले, "बघू की." आमच्या भागात 'बघू की' याचा अर्थ काहीही होतो, हे चाळीस वर्षं इथं धंदा करून मला कळायला हवं होतं.

नावं काठमांडूला पक्की करायची मुदत दोन दिवसांवर आली आणि सकाळी तमांगचा फोन आला. आवाज बदललेला.

"भाई, आपकी टोली का फोटो फेसबुक पे है."

मी मोबाइल उघडला आणि डोकं धरलं. नळदुर्गच्या चौकात डिजिटल लागलं होतं. शहरात ज्याला फ्लेक्स म्हणतात त्याला आम्ही डिजिटल म्हणतो, आणि आमच्याकडं माणूस जन्मला, दहावी पास झाला, किंवा दवाखान्यातून घरी आला तरी डिजिटल लागतं. परदेशी जाणाऱ्याचं तर लागायलाच हवं. मध्ये बंकटराव, गॉगल लावून, हातात माइक. मागं कैलास पर्वत. वर मोठ्या अक्षरात: 'निर्भीड पत्रकार, झुंजार संपादक बंकटराव यांच्या नेतृत्वाखाली नळदुर्गकरांची चीन स्वारी!' खाली माझ्या कंपनीचं नाव. आणि तळाशी ओळीनं शुभेच्छुकांचे चेहरे.

स्वारी! ज्या देशात साध्या पर्यटकाचीही वही तपासतात, तिथं आमचा संपादक फौज घेऊन निघाला होता. तमांग म्हणाला की हे कुणी तिकडं दाखवलं तर एक माणूस नाही, सगळी टोळी गेली. डिजिटल आणि फेसबुक दोन्ही संध्याकाळपर्यंत उतरलं पाहिजे, नाही तर तो ही नावं पुढं पाठवणार नाही.

मी फोन ठेवला तर समोर छबूबाई उभ्या. बाजाराला आल्या होत्या. माझा चेहरा बघून म्हणाल्या, "काय झालं? कोन गेलं?"

मी सगळं सांगितलं.

"मग काढा की ते."

"काढा म्हणायला काय जातंय? खाली शुभेच्छुक बघा. तालुकाध्यक्ष, माजी उपसरपंच, पतसंस्थेचे चेअरमन, त्यांचे मेव्हणे. एकाला विचारलं आणि दुसऱ्याला नाही विचारलं तर पुढची दोन वर्षं भांडण. सगळ्यांना विचारायचं तर आठवडा जाईल. आणि न विचारता हात लावला तर माझं दुकान इथं राहायचं नाही."

हे खरं होतं. आमच्याकडं जिवंत माणसाचा फोटो असलेलं डिजिटल उतरवणं म्हणजे त्या माणसाच्या तोंडात मारल्यासारखं धरतात.

छबूबाईंनी पिशवी टेबलावर ठेवली. पिशवीतून विळा काढला. बाजारात धार लावून आणलेला, कागदात गुंडाळलेला. कागद माझ्या टेबलावर टाकला आणि निघाल्या चौकाकडं. मी मागं धावलो. धावलो म्हणजे माझ्या वजनाच्या माणसाला जेवढं धावता येतं तेवढं.

मी पोचेपर्यंत त्यांनी खालच्या दोन सुतळ्या कापल्या होत्या. शेंगदाण्याच्या गाड्यावरचं लाकडी स्टूल मागून घेतलं, त्यावर चढल्या आणि वरच्या सुतळीला विळा लावला. शुभेच्छुकांपैकी एक चेअरमन चहाच्या टपरीवरून तरातरा आले.

"ए आजी, काय करायलाव?"

"वैरनीवर टाकायला लागतंय," छबूबाई वर न बघता म्हणाल्या. "वळीव यायलाय. कडबा भिजतो माझा."

चेअरमन थांबले. मीही थांबलो. कारण यात बोलण्यासारखं काहीच नव्हतं. कार्यक्रम संपला की डिजिटल ज्याच्या हाती लागेल त्यानं न्यायचं आणि गंजीवर अंथरायचं, हा आमच्याकडचा रिवाज आहे. तालुक्यातली एकूण एक कडब्याची गंजी कुठल्या ना कुठल्या पुढाऱ्याच्या चेहऱ्याखाली झाकलेली असते. त्यात कुणाला अपमान वाटत नाही.

"पन कार्यक्रम झाला का?" चेअरमननी विचारलं.

"झाला की," छबूबाई म्हणाल्या, आणि बंकटराव, कैलास पर्वत आणि शुभेच्छुक धाडकन खाली आले.

त्यांनी रस्त्यातच ते दुमडायला घेतलं. चेअरमननी एक कोपरा धरला, कारण बाईमाणूस एकटी दुमडतीय हे बरं दिसत नाही. तेवढ्यात बंकटरावांची मोटारसायकल आली.

"माझं डिजिटल!" ते ओरडले. "कुनी काढलं?"

"म्या," छबूबाई म्हणाल्या. विळा अजून हातातच होता. "बंकटराव, तुमी अजून तरणे हाव. औंदा न्हाय तर पुढच्या साली जाल. माझी ही एकच गाडी हाय. ती तुमी फोटू लावून अडवायलाव."

बंकटराव माझ्याकडं बघायला लागले. मी त्यांना गाळ्यात आणलं, पाणी दिलं, तमांगचं बोलणं सांगितलं. त्यांनी मुकाट्यानं मोबाइल काढला आणि फेसबुकवरचं सगळं काढून टाकलं. शुभेच्छुकांना फोन करून त्यांच्याही पोस्ट काढायला लावल्या. तालुकाध्यक्षांशी बोलताना घाम पुसत होते. मग मी त्यांच्यासमोर अर्ज ठेवला. व्यवसायाची जागा तेवढी कोरी होती.

"शेती लिहा," मी म्हणालो. "खोटं थोडंच आहे? सातबारा तुमच्या नावावर आहे."

त्यांनी पेन उचललं. टेबलावर परत ठेवलं. मला वाटलं, आता भाषण होणार. पत्रकारिता माझा श्वास वगैरे, ते माझं पाठच होतं. पण बंकटराव हळू आवाजात बोलले.

"भाई, शेती मला बापानं दिली. पेपर म्या काढला."

मी पाण्याचा पेला पुढं सरकवला.

"लोक हसत्यात, ठावं हाय मला. तुमी बी हसताव. तीनच अंक निघत्यात, त्यात बी निम्म्या वाढदिवसाच्या जाहिराती. पन त्या मधल्या पानावर म्या पान्याच्या टाकीचं लिहिलं, रेशनचं लिहिलं. दोनदा मार खाल्ला त्यापायी. आता सरहद्दीवर कुनी इच्यारलं, पत्रकार हाव का, तर न्हाय म्हनायचं? न्हाय जमणार. आन चुकून व्हय म्हनलो तर त्या म्हातारीची गाडी जाईल."

आणि त्यांनी अर्जावर स्वतःचं नाव खोडलं. नीट, दोन आडव्या रेघा मारून.

मी या माणसाची इतकी वर्षं टिंगल केली होती. त्या दिवशी मला त्यांचा अभिमान वाटला, आणि रागही आला, कारण एवढा सरळपणा ते आधीच दाखवते तर डिजिटलची भानगड झाली नसती. माझ्या कैलासाच्या टोळ्यांमध्ये एक जागा अजून मला रिकामी दिसते आणि तिच्यावर गॉगल लावलेले बंकटराव बसलेले असायला हवे होते असं वाटतं. हे मी त्यांना अजून बोलून दाखवलेलं नाही, कारण ते लगेच छापतील.

परवाना निघाला. टोळी घेऊन मी काठमांडूत पोचलो तेव्हापासून छबूबाईंच्या मोबाइलवर तात्यांचे फोन सुरू झाले. सकाळी चहापत्ती कुठं ठेवली? दुपारी साखरेचा डबा कुठला? संध्याकाळी थोरली म्हैस दूध देईना, काय करू? छबूबाई प्रत्येक फोन उचलायच्या आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर द्यायच्या. बरोबरच्या बायका देवळं बघत होत्या, आणि छबूबाई पशुपतिनाथाच्या दारात उभ्या राहून तात्यांना आधण कसं ठेवायचं ते सांगत होत्या. "झाकण घाला. आता गॅस बारीक करा. बारीक म्हंजे बंद न्हवं."

सरहद्दीवर पूल ओलांडला, आणि आम्ही त्या एका कागदाच्या ओळीनं उभे राहिलो. बॅगा उघडल्या. एका शिपायानं छबूबाईंच्या पिशवीतली येसराची, म्हणजे आमटीच्या मसाल्याची पुडी काढली, उघडली, नाकाजवळ नेली आणि सलग शिंकत सुटला. छबूबाईंनी पदर पुढं केला. त्यानं घेतला नाही, पण पुडी नीट बांधून परत दिली. पलीकडं गेलो तसे सगळ्यांचे मोबाइल मेले. आपलं कार्ड तिकडं चालत नाही. टोळीत रडारड झाली. लोक खिडकीतून मोबाइल बाहेर धरून रेंज शोधायला लागले. छबूबाईंनी त्यांचा मोबाइल एकदा वर केला, बघितला, बंद केला आणि येसराच्या पुडीखाली ठेवून दिला.

मानसरोवरला पोचलो तेव्हा ऊन होतं आणि वारा कानात शिरत होता. पाणी निळं, इतकं निळं की मला काही सुचेना. टोळीतली माणसं काठावर गेली. आंघोळ करता येत नाही म्हणून काही जण नाराज, काही ओंजळी भरून डोक्यावर शिंपडत होते, काही बाटल्या भरत होते. प्रत्येकजण काही ना काही मागत होता. कुणाला नातू हवा होता, कुणाच्या पोराला पोलीस भरतीत लागायचं होतं, कुणाला बोअरला पाणी हवं होतं. मोठ्यानं मागत होते, वाऱ्यावर ऐकू जावं म्हणून.

छबूबाई थोड्या लांब एका दगडावर बसल्या होत्या. माकडटोपीवरून पदर घेतलेला. हात मांडीवर, नुसते. त्या हातांत काहीच नाही असं मी पहिल्यांदाच बघत होतो. बस निघायची वेळ झाली होती, म्हणून मी त्यांना बोलवायला गेलो.

"तुम्ही काय मागितलंत?" मी विचारलं.

"म्या कशाला मागू?" त्या पाण्याकडं बघत म्हणाल्या. "त्याला बी बिचाऱ्याला सगळेच मागायलेत, बघा की. मला हितं कुनी काय मागंना, भाई. सकाळपासनं कुनी काय मागितलं न्हाय. ह्यापायी आले म्या."

मी त्यांना उठा म्हणणार होतो. ते म्हणालो नाही. शेजारच्या दगडावर जाऊन गप बसलो.